तुर्की गाठ, उभी खाट

"आता दोन तास कोणाले उठू देत नाहीत हे लोक," माझ्या मागच्या बाकावर खामगावच्या रुखमाबाई पुटपुटल्या. "काल चामड्याचे कोट झाले, आज गालिचे. अन् मले त बाथरूमले जायचं होतं."

रुखमाबाई पुटपुटल्या की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तुर्कस्तानच्या सहलीत रोज एक दुकान लपवलेलं असतं, आणि त्याला दुकान म्हणायचं नसतं, 'केंद्र' म्हणायचं असतं. या केंद्रात आम्हा बावीस जणांना भिंतीला लावून बसवलं होतं, कमरेत बारीक असलेल्या इवल्याशा पेल्यांतून सफरचंदाचा चहा दिला होता आणि समोर टाय लावलेला एक माणूस इंग्रजीत बोलत होता. गाइड त्याचं हिंदी करत होता आणि माझा नवरा त्या हिंदीचं वऱ्हाडी.

नवऱ्याचं नाव दयाराम. भूमी अभिलेख खात्यात छत्तीस वर्षं लोकांची शेतं मोजून निवृत्त झाले. मी त्यांना 'अहो' म्हणते आणि लिहिताना 'हे' लिहिते, तेवढं सांभाळून घ्यावं. तुर्कस्तान यांनीच निवडलं. पुण्याहून आमचा धम्मरत्न म्हणाला, बाबा, एकदा परदेश पाहून या, कुठं जाता सांगा. हे म्हणाले, जिथं आशिया संपते अन् युरोप लागते तिथं. इस्तंबूलच्या पुलावर बस थांबवता येत नाही असं गाइड कळवळून सांगत होता आणि हे काचेला नाक लावून विचारत होते, "हद्दीचा दगड कुठं हाये?" दगड नव्हता. दोन खंडांच्या मध्ये साधी एक खूण नसावी याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे मी तरी असंच धरून चालले, की दगडामुळं जेवले नाहीत.

पोराला बापाला जग दाखवायची घाई का झाली, ते एकदाच सांगून टाकते. पुन्हा काढणार नाही, कारण आमच्या घरात ते कोणी काढत नाही. जुलैमध्ये संभाजीनगरच्या डॉक्टरांनी धम्मरत्नला केबिनच्या बाहेर नेऊन सांगितलं की पोटातलं ते पसरलं आहे, इंजेक्शनं देत राहू, पण वर्षभर धरून चला. धम्मरत्ननं मला सांगितलं. मी तानुबाईंना सांगितलं, म्हणजे यांच्या बहिणीला. यांना कोणीच सांगितलं नाही. फाईल मी गव्हाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली, आणि तेव्हापासून आमच्या घरात सगळे फार आनंदात असतात.

तर, कोपऱ्यात माग होता. त्याच्यापुढं माझ्याच वयाची एक बाई डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून फळीवर बसली होती आणि मेथी निवडावी तशा सहजपणे गाठी मारत होती. टायवाला सांगत होता: दोन उभे धागे धरायचे, लोकरीचा तुकडा दोघांभोवती वळवायचा, दोन्ही टोकं दोघांच्या मधून खाली ओढायची, सुरीनं कापायची, झाली एक गाठ. इतर ठिकाणी एकाच धाग्याभोवती फेरा घेतात, ते लवकर होतं. इथं दोघांना मिळून बांधतात, म्हणून सुटत नाही. ओळ भरली की आडवा धागा घालायचा आणि फणीनं ठोकून बसवायचा. लाल रंग झाडाच्या मुळाचा, पिवळा डाळिंबाच्या सालीचा.

त्या बाईनं बोटानं मला बोलावलं. बावीस जणांत मीच एकटी तिच्या हातांकडं बघत होते, बाकी सगळे घड्याळाकडं. माझी शाळा सातवीपर्यंत झाली. त्यापुढचं सगळं, स्वेटर, वाकळ, बँकेचा फॉर्म, इंजेक्शन झालेल्या माणसाच्या पोटात काय राहतं आणि काय राहत नाही, हे मी बघून शिकले. तिनं माझी बोटं धरून दोन गाठी मारल्या, तिसरी माझी मला मारू दिली, आणि मान हलवली. सातवीच्या निकालानंतर मला एवढं कुणी पास केलं नव्हतं.

मागं सगळ्यांना जोडे काढून गालिच्यावर उभं राहायला सांगत होते. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून यांच्या तळव्यांना काही समजत नाही. फरशी गार की गरम, चप्पल पायात आहे की वाटेत सुटली, पत्ताच नसतो. हे एका लाल गालिच्यावर गेले आणि तिथंच थांबले.

"अवं," त्यांनी मला हळूच हाक मारली. "पायाले लागून राह्यलं."

"काय लागून राह्यलं?"

"काहीतरी. काय ते समजत नाही, पण लागून राह्यलं."

टायवाल्यानं ते बरोबर हेरलं. जवळ आला, गालिच्याचा कोपरा उलटा करून गाठी दाखवल्या आणि छातीवर हात ठेवून म्हणाला की हा शंभर वर्षं टिकतो, तुमच्या नातवाचा नातू यावर रांगेल, हवी तर ग्यारंटी लिहून देतो. गाइडनं त्याचं हिंदी केलं. यांनी वऱ्हाडी केलं नाही. आठ दिवसांच्या सहलीत कोणाच्या पिशवीत कोणती औषधं आहेत ते सगळ्यांना माहीत झालेलं असतं. बाकीचे वीसच्या वीस लोक चहाच्या पेल्यात बघू लागले. रुखमाबाईसुद्धा.

"एवढी ग्यारंटी नाही लागत मले," हे म्हणाले, बसून जोडे घातले. "चाल."

बसमध्ये बसल्यावर मी म्हटलं, "मी विणून देते तुम्हाले."

हळूच म्हटलं होतं, पण बसचं इंजिन बंद होतं. मागून रुखमाबाई म्हणाल्या, "ताई, त्या बाईले सहा वर्षाची होती तवापासून येते ते."

"मीबी एकदा सहा वर्षाची होते," मी म्हणाले, आणि सगळी बस हसली. परतीच्या तीन दिवसांत लोक मला 'गालिचावाल्या ताई' म्हणत होते. इस्तंबूलच्या विमानतळावर, सगळ्या देशांच्या लोकांसमोर. तिथंच माझं नक्की झालं.

घरी आल्यावर पहिला प्रश्न मागाचा. दुसरा प्रश्न गल्लीचा. आमच्या गल्लीत तुम्ही खिळा ठोकायला काढला तरी कुठं ठोकायचा हे सांगायला चार माणसं येतात. शेजारच्या सुवर्णाताई म्हणाल्या, गालिचा कायले, गादी टाका. त्यांच्या मिस्टरांनी भिंतीवरून डोकं काढून सांगितलं की लोकरीत उंदरं होतात. हरिओम वेल्डर, पन्नाशीचा गडी, बोलतो कमी आणि दुसऱ्या दिवशी यायचं तर तिसऱ्या आठवड्यात येतो, तो मात्र माझं चित्र नीट बघून म्हणाला, "काकू, नवा ढाचा करू नका. तुमच्या मागच्या खोलीत लोखंडी खाट पडली हाये, तिची नवार काढा, उभी करा, वर-खाली दोन पाइप मारून देतो. झाला तुमचा माग."

खाट माझ्या सासूबाईंची. नवार कुजलेली, पण सांगाडा असा की रेल्वेखाली घातला तर रेल्वेच वाकेल. पावणेतीन फूट रुंद. पाच फुटांचा गालिचा आरामात बसतो. मला हरिओमच्या बुद्धीचं कौतुक वाटलं. त्यातलं एक मला सुचलं नाही, आणि हरिओमलाही नाही: ज्या घरात माणूस आजारी आहे त्या घरात खाट उभी करत नाहीत. आमच्याकडं खाट उभी होते ती तिच्यावरचा माणूस गेल्यावर. आम्ही बाबासाहेबांची माणसं, असलं काही मानत नाही. हे तर मुळीच मानत नाहीत. अमावस्येला मोजणीची तारीख द्यायचे, म्हणजे गर्दी कमी असते. पण मी मानत नसले तरी गल्ली मानते, आणि खाट उभी होती ती गल्लीत.

नोव्हेंबरातला सोमवार होता. त्या एकाच दिवशी तीन गोष्टी जमून आल्या. पैकी दोन माझ्या, एक सरकारची.

पहिली गोष्ट रंग. लाल रंगाचं मूळ म्हणजे आपली मंजिष्ठा निघाली. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते, सुवर्णाताई तीच तोंडाला लावतात. मी भल्या सकाळी मागच्या अंगणात पातेल्यात तुरटी घालून मेहकरच्या बाजारातून आणलेली लोकर उकळली. पहिलं पाणी विटकरी आलं. ते फेकलं. दुसरं आलं तेव्हा माझं मलाच बघवेना, इतकं ते लाल होतं. तेही नालीत सोडलं. नाली सुवर्णाताईंच्या दारावरून जाते.

सुवर्णाताईंनी ते लाल पाणी पाहिलं. ही लोकर असेल असं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांच्या मनात आलं ते त्यांनी मला विचारलं नाही, कारण ते विचारायचं कसं. त्या आत गेल्या आणि देवासमोर दिवा लावला.

दुसरी गोष्ट खाट. दहा वाजता हरिओमनं ती बाहेरच्या ओट्यावर आणून उभी केली, शेजारी गादी उन्हात टाकली, आणि पाइप कुठं मारायचा याचा विचार करत दोन्ही हात जोडून, मान खाली घालून, खाटेपुढं उभा राहिला. हरिओमची विचार करायची पद्धतच तशी आहे.

तिसरी गोष्ट, हे घरात नव्हते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत असं दरवर्षी अंगठा लावून सांगावं लागतं. इंजेक्शनांनी यांच्या तळव्यांसारखीच बोटंही गुळगुळीत केली होती, रेघ म्हणून राहिली नव्हती. हे सकाळीच बँकेत गेले आणि यंत्र त्यांना ओळखेना.

सुवर्णाताईंनी खिडकीतून उभी खाट पाहिली, उन्हातली गादी पाहिली, हात जोडलेला हरिओम पाहिला, आणि उंद्रीला तानुबाईंना फोन लावला. एवढंच म्हणाल्या, "तानुबाई, लवकर या." पुढचं त्यांच्यानं बोलवलं नाही. तानुबाईंनी पुढचं विचारलं नाही.

साडेअकराला मी लोकर पिळून हात पुसत बाहेर आले तर ओट्यावर बारा-पंधरा बायका बसलेल्या.  माझे हात कोपरापर्यंत लाल, केस सुटलेले, धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं. मला बघून दोघींनी पदर तोंडाला लावला. एकीनं मला जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही वो माय. असंच आलो." मला वाटलं, माझा गालिचा बघायला आल्या. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी सगळ्यांना चहा ठेवला. दुःखाच्या घरी बाई स्वतः उठून चहा ठेवते म्हटल्यावर त्यांना आणखीच गलबलून आलं.

मग सुवर्णाताई टोपलीत पिठलं-भाकर घेऊन आल्या. फडक्यानं झाकलेली, चांगली दहा-बारा माणसांची. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरी शेजारून पिठलं-भाकर येते, हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी म्हटलं, "कायले तरास घेतला?" त्या रडायला लागल्या.

उजेड पडला तो तानुबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा. पांढरी साडी, पांढरा पोलका, सोबत उंद्रीच्या चार बायका, त्याही पांढऱ्यात. तानुबाई पांढरी साडी दोनदाच नेसतात: बुद्धपौर्णिमेला, आणि एक दुसऱ्या वेळी. आणि नोव्हेंबरात बुद्धपौर्णिमा नसते. त्यांनी उभ्या खाटेकडं पाहिलं आणि तिथंच मट्‌कन खाली बसल्या.

मी तोंड उघडणार तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हे दिसले. छत्री टेकत, बगलेत कागदांची पिशवी. ओट्याशी येऊन थांबले. आधी खाटेकडं पाहिलं, मग गादीकडं, मग पांढऱ्या साड्यांकडं, मग टोपलीकडं. छत्तीस वर्षं या माणसानं शेताच्या बांधावर उभं राहून नुसतं बघून सांगितलं आहे की काय भानगड आहे.

 हरिओमनं जोडलेले हात सोडले.

"तिकडं बँकेत," हे म्हणाले, "ते यंत्र म्हणे हा माणूस जुळत नाही. उद्या या. मी म्हटलं, बाबू, मी हा तुह्यापुढं उभा हाओ, पाह्य. तो म्हणे काका, मले दिसून राह्यले, पण यंत्राले दिसून नाही राह्यले." मग सगळ्यांकडं बघून, "काऊन जमले एवढे लोक?"

"असंच आलो," पहिली म्हणाली.

"अन् तू?"

"असंच."

त्यांनी ओळीनं सगळ्यांना विचारलं. मोजणीच्या वेळी लगतच्या खातेदारांचे जबाब घेतात तसे. पंधराच्या पंधरा जणी असंच आल्या होत्या. तानुबाईंपाशी आले. "अन् तू तानू? उंद्रीवरून? पांढरं नेसून?"

"तुही लय आठवण येऊन राह्यली होती, दादा," तानुबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या पोटाशी डोकं लावून अशा रडल्या की मला स्वयंपाकघरात जावं लागलं.

आता पुढची गोष्ट सांगितली तर कोणाला खरी वाटायची नाही. यांनी टोपलीवरचं फडकं काढलं, वास घेतला आणि ओट्यावरच मांडी घालून बसले. महिनाभर ज्या माणसाच्या पोटात वरणाचं पाणी टिकत नव्हतं, त्यानं सुवर्णाताईंनी त्याच्याच नावानं केलेलं पिठलं दोनदा मागून घेतलं. दीड भाकर खाल्ली. सगळ्या बायका गोल करून बघत होत्या. "मिरची चांगली पडली," हे म्हणाले. सुवर्णाताईंना हसावं की काय ते समजेना. आणि ते पोटात टिकलं. रात्रीपर्यंत मी बादली घेऊन वाट बघत होते, टिकलं.

त्यातच पालिकेचा माणूस आला. नालीतून लाल पाणी जातंय अशी कोणीतरी तक्रार केली होती, नमुना घ्यायला तो बाटली घेऊन आला होता. त्यानं दारातूनच पांढऱ्या साड्या पाहिल्या, उभी खाट पाहिली, टोपी काढली, वहीत काहीतरी लिहिलं आणि बाटली खिशात घालून आल्या पावली गेला. भला माणूस. पंधरा दिवसांनी नोटीस आली. 'श्रीमती अन्नपूर्णा दयाराम इंगळे (पती मयत) यांस', राहत्या घरी विनापरवाना रंगकाम चालवत असल्याबद्दल खुलासा करावा.

मी ती लपवणार होते, पण आमच्या घरात येणारा कागद यांच्या हातातूनच पुढं जातो. यांनी चष्मा लावून दोनदा वाचली.

"मयत म्हणतात," म्हणाले. "तारीख टाकाची राह्यली यांची."

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

"फायलीले लाव. कामाले येईन," ते म्हणाले आणि नोटीस माझ्या हातात दिली. मी म्हटलं, संध्याकाळी वांगी करू की शेंगा. ते म्हणाले, शेंगा. खुलासा त्यांनीच लिहिला, सुवाच्य अक्षरात. 'अर्जदार महिला घरगुती वापराकरिता एक नग गालिचा विणत असून नमूद व्यक्ती सध्या जिवंत आहे.' 'सध्या' खोडावं असं मला वाटलं. पण यांच्या मसुद्यात मी कधी हात घातला नाही.

तर असा माग उभा राहिला. बैठकीत, खिडकीपाशी. तानुबाई आल्या की त्याच्याकडं पाठ करून बसायच्या. सुवर्णाताईंनी एकदा सुचवून पाहिलं, "ताई, आडवी टाकून नाही विणता येत का?" यांनी लगेच विचारलं, "काऊन?" सुवर्णाताई म्हणाल्या, "नाही, तुमची मान दुखत असन म्हणून." माझी मान दुखतच होती, पण तो मुद्दा नव्हता, आणि मुद्दा कुणी काढला नाही.

एका ओळीत अडीचशे गाठी. दिवसाला एक ओळ, तीही अंगात असेल तर. आठ ओळी झाल्या की एक इंच. महिन्यातले आठ दिवस संभाजीनगरला दवाखान्यात. उरलेल्यात मारलेल्या गाठींपैकी बऱ्याच उसवायच्या, कारण तिसऱ्या ओळीत एक धागा चुकला तर नवव्या ओळीत फूल लंगडं होतं. सुवर्णाताईंचं म्हणणं, राहू द्या, कोणाले दिसते. पण समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाला दिसायचं. हे दुपारभर लोकरीच्या पोत्यावर पाय ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "डावीकडून चाळिसावी. एकाच धाग्याले मारली तुनं." मी मोजून बघायची. चाळिसावीच असायची. तुर्कस्तानच्या त्या बाईच्या मागं असा कोणी बसला असता तर तिनं सुरी मारली असती.

मध्यंतरी धम्मरत्ननं पुण्याहून एक तयार गालिचा पाठवला. तुर्की म्हणून घेतलेला, मागं पानिपतचा शिक्का. हे त्यावर उभे राहिले, खाली बघितलं आणि म्हणाले, "चांगला हाये." मी विचारलं, "पायाले लागते का?" "नाही," म्हणाले. "पण पोराले सांगू नको." तो आता गाडीच्या सीटवर असतो.

रोज संध्याकाळी हे टेप घेऊन मागापाशी यायचे. खालचं टोक मी धरायची. इंच वाचून दाखवायचे आणि मागच्या भिंतीवर पेन्सिलनं खूण करायचे. महिन्याभरानं मी खालचं टोक थोडं सैल धरू लागले, म्हणजे वर पाव इंच जास्त दिसतं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी, टेपेवरची नजर न काढता म्हणाले, "ताणून धर. छत्तीस वर्ष लोक असेच धरत आले."

फेब्रुवारीत वजन खूप उतरलं. छत्री टेकून गल्लीच्या टोकापर्यंत जाणं बंद झालं, मग ओट्यापर्यंत, मग न्हाणीपर्यंत धरून न्यावं लागायचं. घरात सगळे अजूनच आनंदात राहू लागले. धम्मरत्न फोनवर म्हणायचा, बाबा, उन्हाळ्यात पुण्याला या. तानुबाई म्हणायच्या, दादा, पुढच्या वर्षी मीबी येतो तुमच्या संगं तुर्कस्तानले. मी म्हणायची, उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, दोन ओळी होतील. माझी मीच ऐकायची आणि वाटायचं, ही बाई खोटं चांगलं बोलते.

मार्चमधला रविवार. तानुबाई आल्या होत्या, सुवर्णाताई वाटीत काहीतरी घेऊन आल्या होत्या. हे खुर्चीवरून उठले, मी धरायला गेले तर हातानंच नको म्हणाले. टेप लावली. मी ताणून धरली.

"नऊ इंच," म्हणाले. "चार महिने झाले." मग भिंतीवरच्या खुणांकडं बराच वेळ बघत राहिले. "अवं, माह्या पेटीतला नकाशाचा कागद आण. अन् लाल पेन्सिल."

मी आणला. जुना, जाड, मागची बाजू कोरी. त्यांनी तो फरशीवर पसरवला, चपला काढल्या आणि भिंत धरून त्याच्यावर उभे राहिले. "तानू, पायाभोवतून पेन्सिल फिरव. नीट, आत नको शिरू."

तानुबाईंनी वाकून एक पाय आखला, मग दुसरा. बोटांच्या मधून पेन्सिल नेताना विचारलं, "गुदगुल्या होतात का, दादा?" लहानपणी यांना फार व्हायच्या म्हणे.

"नाही," हे म्हणाले.

मग खुर्चीवर बसून त्यांनी कागद मांडीवर घेतला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत टेप लावली. साडेदहा इंच. शेताला बांध सोडतात तसं दोन्हीकडून पावणेदोन-पावणेदोन सोडलं. सरळ रेघा मारल्या, कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण काढला. पुन्हा उठले, मागापाशी आले, खालपासून चौदा इंच मोजून उभ्या धाग्यांवरून लाल पेन्सिलची एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ सरळ आली.

"ही हद्द," म्हणाले. "इथं काप."

"काऊन पण?" तानुबाई म्हणाल्या. "वयनीनं एवढा पाच फुटाचा लावला. अशी चिंधी कायले करतं? होईन ना दादा पुरा. पुढच्या दिवाळीले बसशीन तू त्याच्यावर."

सुवर्णाताईही म्हणाल्या, "हाव ना, होईनच." मीही म्हणणार होते. उन्हाळ्यात दिवस मोठा असतो हे माझ्या ओठांवर आलं होतं.

हे खुर्चीवर बसले. पाय लोकरीच्या पोत्यावर ठेवले.

"पुढच्या दिवाळीले मी नसतो, तानू. मिरुगही पाहतो का नाही. फाईल मी जुलैतच वाचली, गव्हाच्या कोठीत होती. माह्यापासून कागद लपवून राह्यले हे लोक." मग माझ्याकडं वळले. "पाच फुटाले अजून दोन वर्ष लागतात तुले. चौदाले पाच इंच राह्यले. चाळीस ओळी. तुहं उसवणं धरून दोन महिने. तेवढा टिकतो मी. पण रुंदी कमी नको करू, हाये तेवढीच राहू दे. बाजूले तुले उभं राहाले जागा पाह्यजे."